नर्सिंग कॉलेज काढावे की असलेल्या सिस्टर टिकवाव्यात?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आमच्या विश्वस्त संस्थेचे 110 खाटांचे धर्मादाय रुग्णालय आहे. त्यात 8 खाटांचा अतिदक्षता विभाग आहे. मी तेथे शल्यचिकित्सक आणि विश्वस्त आहे. आमच्याकडे 34 परिचारिका आहेत, त्यांपैकी 14 एएनएम (साहाय्यक परिचारिका प्रसविका). गेल्या वर्षभरात जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका पदविका) आणि बीएस्सी नर्सिंग झालेल्यांपैकी निम्म्या जणी सोडून गेल्या. काही सरकारी भरतीत लागल्या, काही पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत गेल्या, दोघींनी जर्मन भाषेचा वर्ग लावला. जाहिरात दिली की अर्ज येतात, पण रुजू झालेली मुलगी चार-सहा महिन्यांत जाते. आता काही विश्वस्त आणि एक सल्लागार म्हणतात की आपणच नर्सिंग महाविद्यालय काढावे. विद्यार्थिनी वॉर्ड सांभाळतील, शुल्काचे उत्पन्न येईल, आणि उत्तीर्ण मुलींची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली की त्या दोन वर्षे हलणार नाहीत. राज्यात परिचारिकांचा तुटवडा असल्याने हे समाजकार्यही ठरेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आमच्या अधिसेविका (मेट्रन) मात्र विरोधात आहेत. ‘आधी आहेत त्यांना सांभाळा’ एवढेच त्या म्हणतात. मला त्यांचे म्हणणे अपुरे वाटते. मी काय करावे?

डॉक्टरसाहेब,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. जाहिरात दिली की अर्ज येतात, असे तुम्हीच म्हणता. म्हणजे तुमच्या परिसरात शिकलेल्या, नोंदणी झालेल्या परिचारिका आहेत, त्यांना तुमच्या रुग्णालयाचा पत्ता ठाऊक आहे आणि त्या तेथे येऊनही पाहतात. येऊन पाहिल्यावर त्या थांबत नाहीत, ही खरी अडचण आहे. महाविद्यालय काढून ती कशी सुटणार, हे तुमच्या सल्लागाराने सांगितलेले दिसत नाही.

तुटवडा खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार 2023 साली जगात सुमारे 2 कोटी 98 लाख परिचारिका होत्या आणि आणखी 58 लाख हव्या होत्या. केंद्र सरकारनेही 2014 नंतर उभ्या राहिलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात 157 नवी नर्सिंग महाविद्यालये काढण्यास 2023 मध्ये मंजुरी दिली. पण आपल्याकडे हा तुटवडा आणि नोंदणीकृत परिचारिकांची बेकारी एकाच तालुक्यात सुखाने नांदतात. सरकारी भरतीची जाहिरात निघाली की जागांच्या कितीतरी पट अर्ज येतात, आणि त्याच वेळी तुमच्यासारख्या रुग्णालयाच्या रात्रपाळीत चाळीस रुग्णांमागे एक सिस्टर असते. मुलींना नोकरी हवी आहे. मात्र ज्या अटींवर आपण ती देतो, त्या अटींवर त्यांना ती नको आहे. पदव्या वाढवल्याने हे गणित बदलत नाही. फार तर नाइलाजाने कमी पगारावर येणाऱ्यांची संख्या वाढते आणि त्यांचाही पहिला डोळा बाहेर पडण्याच्या दारावर असतो.

तेव्हा आधी पगाराविषयी बोलू, कारण तुमच्या पत्रात त्याचा आकडा कोठेच नाही आणि ही गोष्ट मला सूचक वाटली. राज्य शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेचे (स्टाफ नर्सचे) मूळ वेतन 35,400 रुपयांपासून सुरू होते, त्यावर महागाई व इतर भत्ते वेगळे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या. त्यांनुसार 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेला शासकीय परिचारिकेइतके वेतन मिळावे, 100 हून अधिक खाटा असतील तर ते त्याहून 10 टक्क्यांपेक्षा कमी नसावे, 50 ते 100 खाटांसाठी ही तफावत 25 टक्क्यांच्या आत असावी आणि 50 हून लहान रुग्णालयातही महिना 20,000 रुपयांच्या खाली कोणी जाऊ नये. या शिफारशींच्या अंमलबजावणीकडे बहुतेक राज्यांनी काणाडोळा केला, हे उघड गुपित आहे. तुमचे रुग्णालय दुसऱ्या गटात मोडते. धर्मादाय संस्थेला एवढे वेतन लगेच परवडेल असे मी गृहीत धरत नाही. पण तुम्ही त्या आकड्यापासून किती दूर आहात, हे लेखापालाकडून कागदावर मांडून घ्या. ते अंतर मोठे असेल, तर मुली ‘टिकत नाहीत’ ही भाषा आधी सोडून द्यावी लागेल.

आता संख्या पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार साध्या कक्षांत शिक्षण रुग्णालयात 3 खाटांमागे 1 आणि इतर रुग्णालयांत 5 खाटांमागे 1 परिचारिका हवी, शिवाय रजेसाठी 30 टक्के राखीव. तुमच्या कक्षांतील 102 खाटांना 5 खाटांमागे 1 या हिशेबाने, राखीव धरून, 26 जणी लागतात. अतिदक्षता विभागात दोन रुग्णांमागे एक असे अगदी हात आखडून धरले, तरी तीन पाळ्यांच्या 12 आणि राखीव मिळून 16 होतात. म्हणजे शस्त्रक्रियागृह, प्रसूतिकक्ष आणि अपघात विभाग मोजायच्या आधीच 42. तुमच्याकडे 34 आहेत आणि त्यांत 14 एएनएम. एएनएमचे दोन वर्षांचे प्रशिक्षण गावपातळीवरील माता-बालसंगोपन, लसीकरण आणि प्राथमिक उपचार यांसाठी असते. त्या कामात त्या तरबेज असतात, पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे त्यांच्यावरही अन्याय आहे आणि रुग्णावरही. उरलेल्या वीस जणी प्रत्यक्षात चाळिसांचे काम करतात. त्यांतली एक गेली की तिचे ओझे एकोणीस जणींवर येते, मग दुसरी जाते. तुमच्या वर्षभरातल्या गळतीचे कारण बरेचसे येथेच असावे.

अंदाजावर विसंबू नका. उद्या सकाळी कोणालाही न सांगता स्त्री मेडिसिन कक्षात जा आणि तापमान-नाडी-श्वसनाचे तक्ते उघडून फक्त श्वसनाचा रकाना वाचा. बहुतेक रुग्णांपुढे 20 लिहिलेले असेल. न्यूमोनिया झालेल्या आजींपुढेही 20 आणि उद्या घरी जाणाऱ्या मुलीपुढेही 20. श्वास मोजायला रुग्णाजवळ पूर्ण एक मिनिट उभे राहावे लागते, छातीची हालचाल पाहावी लागते, आणि तेही रुग्णाच्या लक्षात न येता. तीस रुग्णांसाठी तेवढी तीस मिनिटे त्या सिस्टरकडे नसतात, म्हणून नाडी धरता धरता ती रकाना भरून टाकते. तिला मोजता येत नाही असे नाही. विद्यार्थिनी असताना तिने ते मोजून दाखवलेले असते आणि प्रात्यक्षिक परीक्षेत त्याचे गुणही मिळवलेले असतात. आता प्रश्न असा की या कक्षात तुम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी पाठवल्या, तर त्या काय शिकतील? त्या 20 लिहायला शिकतील. सहा महिन्यांत त्यांचा हात त्यावर इतका बसेल की पुढे त्या पुण्यात जावोत की जर्मनीत, तो मोडायला दुसऱ्या कोणाला तरी कष्ट पडतील.

म्हणूनच ‘विद्यार्थिनी वॉर्ड सांभाळतील’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटते. शिकणारी मुलगी कक्षात असते तेव्हा काम कमी होत नाही, उलट वाढते, कारण तिच्याकडे पाहणारे, तिला थांबवणारे आणि पुन्हा करून दाखवणारे माणूस लागते. अभ्यासक्रमाच्या अखेरीस इंटर्नशिप असते आणि सल्लागार तिच्याकडे बोट दाखवील, पण तीही देखरेखीखालची इंटर्नशिप आहे. फुकटचे मनुष्यबळ म्हणून वापरलेल्या मुली पदवीसोबत रुग्णालयाविषयीची अढीही घेऊन बाहेर पडतात. प्रमाणपत्र हाती आल्यावर जी पहिली गाडी मिळेल तिने त्या जातील आणि धाकट्या बहिणींनाही तेच सांगतील.

महाविद्यालयाचे गणितही एकदा निवांत बसून मांडायला हवे. बीएस्सी नर्सिंगच्या 40 जागा धरल्या तर चार वर्षांत 160 विद्यार्थी होतात, आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक या प्रमाणाने 16 पात्र शिक्षक लागतात. त्यांतल्या वरच्या पदांसाठी एमएस्सी नर्सिंग आणि अध्यापनाचा अनुभव हवा. ज्या गावात तुमच्याकडे जीएनएम झालेली मुलगी सहा महिने राहत नाही, तेथे एमएस्सी झालेल्या शिक्षिका कशासाठी येऊन राहतील? पालक रुग्णालय किमान 100 खाटांचे असावे ही अट तुम्ही पूर्ण करता, पण खाटा म्हणजे रुग्ण नव्हेत. पाऊण खाटा भरलेल्या धरल्या तर साधारण 82 रुग्ण होतात. एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत या निकषाने एका वेळी 27 मुलींना तुमच्याकडे खऱ्या अर्थाने शिकता येईल. मनोरुग्ण परिचर्या, बालरोग आणि सामुदायिक आरोग्य यांसाठी बाकीच्यांना बाहेर पाठवावे लागेल, आणि बाहेर म्हणजे बहुधा जिल्हा रुग्णालयात. तेथे आधीच पाच-सहा संस्थांच्या मुली एकाच खाटेभोवती वहीत टिपणे घेत दाटीने उभ्या असतात. त्यांतल्या कितींनी त्या रुग्णाला प्रत्यक्ष हात लावला, हे कोणतेही लॉगबुक सांगत नाही.

राज्य शासनाची परवानगी, महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि भारतीय परिचर्या परिषद यांची मान्यता, बीएस्सीसाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता, प्रवेशासाठी सीईटी, हे सारे सोपस्कार सल्लागार पार पाडून देईल. तपासणीच्या दिवशी शिक्षकही कोठून तरी आणून उभे करील. हे मी उगीच लिहीत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने तीनशेहून अधिक नर्सिंग महाविद्यालये तपासली, तेव्हा त्यांतली डझनावारी अपात्र ठरली, आणि पुढे त्याच तपासात लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. तोवर हजारो मुलामुलींच्या परीक्षा आणि निकाल रखडले होते. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा मंजूर केला आणि त्यात संस्थांच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. आज कागदावर उभे केलेले महाविद्यालय उद्या या मंडळापुढे उघडे पडू शकते आणि त्याची झळ विद्यार्थिनींना बसते, विश्वस्तांना क्वचितच.

मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याविषयी मी फार लिहिणार नाही. शैक्षणिक प्रमाणपत्र ही तारण ठेवण्याची वस्तू नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. कपाटात प्रमाणपत्रांची चळत ठेवून तुम्ही मुलीला अडवू शकाल, पण रात्री तीन वाजता ती रुग्णाजवळ कोणत्या मनाने उभी राहील, याचा विचार शल्यचिकित्सक म्हणून तुम्हीच करा.

मग करावे काय? तुमच्या अधिसेविकांचे म्हणणे तुम्हाला अपुरे वाटले, कारण त्यांनी ते एका वाक्यात सांगितले. त्यांना तासभर वेळ द्या, तेही इतर विश्वस्तांच्या गैरहजेरीत, आणि गेल्या वर्षी गेलेल्या प्रत्येकीचे नाव घेऊन कारण विचारा. जमल्यास त्या मुलींनाही फोन करा. अशा संभाषणांत पगाराइतक्याच ठामपणे काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात : सलग सहा-सात नाईट आणि त्यांची यादी आदल्या संध्याकाळी लागणे, रात्री बसस्थानकावरून रुग्णालयापर्यंत एकटीने चालत येणे, वसतिगृहात पाणी नसणे, नातेवाइकांसमोर डॉक्टरांनी आवाज चढवणे. आणि हल्ली एक नवे दुखणे आले आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या फायली, रुग्णाचे फोटो, औषधांची मागणीपत्रे (इंडेंट), बिलांच्या दुरुस्त्या हे सगळे सिस्टरच्या गळ्यात पडते. ही कामे कारकुनाची आहेत. कक्षामागे दिवसपाळीला एक लिपिक नेमलात, तर कमी खर्चात परिचारिकांचे कितीतरी तास रुग्णाकडे परत येतील, आणि त्याचा परिणाम तुम्हाला श्वसनाच्या रकान्यात दिसेल.

दुसरे काम नव्याने येणाऱ्या मुलीच्या पहिल्या तीन महिन्यांचे. तुमच्याकडची गळती याच टप्प्यावर सुरू होते. महाविद्यालयातून नुकतीच आलेली मुलगी तिसऱ्या दिवशी एकटीने नाईटला लावली जाते, पहाटे एखादा रुग्ण कोसळतो, क्रॅश कार्टचा (तातडीच्या औषधांच्या ढकलगाडीचा) कोणता खण कशाचा हे तिला कोणी दाखवलेले नसते, आणि सकाळच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, तिला सर्वांसमोर जाब विचारला जातो. ती त्याच आठवड्यात घरी फोन करते. हे टाळायचे तर प्रत्येक कक्षातील एका अनुभवी सिस्टरला मार्गदर्शक म्हणून नेमा, तिच्याकडचे रुग्ण कमी करा आणि त्या कामाचा वेगळा भत्ता द्या. ‘तुम्ही सीनियर आहात, जरा शिकवा’ असे नुसते म्हणून हे होत नाही. नव्या मुलीने मार्गदर्शकासोबत काही रात्री काढल्याशिवाय तिला एकटीने नाईट देऊ नये, असा लेखी नियम करा. सुरुवातीला तो पाळणे जड जाईल आणि काही दिवस चार खाटा बंदही ठेवाव्या लागतील, पण तो खर्च दर सहा महिन्यांनी नवी मुलगी शोधण्याच्या खर्चाशी ताडून पाहा.

तुमच्या 14 एएनएम हा तर मला तुमचा सर्वांत दुर्लक्षित ठेवा वाटतो. त्या बहुधा पंचक्रोशीतल्याच असतील, घरे तेथेच असतील आणि त्यांना पुण्याला जायचे नसेल. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येतो. जीएनएम झालेलीला पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांत करता येते. दरवर्षी दोघीतिघींना निम्म्या पगारी रजेवर शिकायला पाठवा, शुल्क संस्थेने भरावे, आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षे सेवेचा करार करा. हा करार लेखी आणि दोन्ही बाजूंना समजेल असा असावा, व ती मध्येच गेली तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात पैसे परत करण्याची अट त्यात असावी. बंधपत्र घ्यायचेच असेल तर ते असे घ्यावे. महाविद्यालयाच्या इमारतीच्या पायाभरणीत जाणारा पैसा या कामी लावलात, तर चार-पाच वर्षांत तुमच्या परिचारिकांचे चित्रच बदलेल.

राज्यातील नर्सिंग शिक्षणाला हातभार लावण्याची विश्वस्तांची इच्छा मी थट्टेवारी नेत नाही. त्यासाठी स्वतःचे महाविद्यालय असण्याची गरज नाही. चांगल्या संस्थांना, विशेषतः शासकीय महाविद्यालयांना, मुलींना शिकण्यासाठी गर्दी नसलेली, रुग्णांनी भरलेली आणि शिकवायला तयार असलेली रुग्णालये हवी असतात. जवळच्या अशा संस्थेशी करार करा, एका वेळी वीस-पंचवीस विद्यार्थिनींनाच घ्या, त्यांच्यासोबत त्यांच्या शिक्षिका कक्षात हजर राहतील ही अट घाला, आणि तुमच्या मार्गदर्शक सिस्टरना त्या शिक्षिकांबरोबर बसवा. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी परिचारिकांना निरंतर शिक्षणाचे तास भरावेच लागतात. त्यासाठीची सत्रे दोघांनी मिळून तुमच्याच सभागृहात घ्यावीत. तुमचा कक्ष शिकवण्याजोगा होऊ लागला, की तेथे काम करण्याजोगी परिस्थितीही येते, कारण दोन्हींसाठी लागणाऱ्या गोष्टी बहुतांशी सारख्याच आहेत. त्या वेळी महाविद्यालयाचा विचार पुन्हा करता येईल.

जर्मनीला निघालेल्या दोघींवर रागावू नका. महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी 2024 मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे आणि परिचारिकांना तिकडे मागणी आहे. पण तेथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला जर्मन भाषेची बी-2 (वरची मध्यम) पातळी लागते आणि तोवर वर्ष-दीड वर्ष सहज जाते. तो काळ त्या तुमच्याकडे काढू शकतात. वर्गाच्या वेळेनुसार पाळी लावून देतो, निघण्यापूर्वी सहा महिने आधी सांगा, एवढे मोकळेपणाने बोलून ठेवा. लपवून शिकणारी मुलगी एका सोमवारी अचानक येत नाही. सांगून शिकणारी मुलगी जाण्यापूर्वी आपल्या जागी दुसरीला तयार करून जाते.

विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत सल्लागाराचा प्रस्ताव थेट फेटाळून लावण्याची गरज नाही, त्याने बैठकीत विनाकारण दोन तट पडतील. प्रस्ताव दोन वर्षांसाठी तहकूब करावा आणि तहकुबीच्या ठरावातच मोजण्याजोग्या अटी लिहाव्यात : सोडून जाणाऱ्या परिचारिकांचे प्रमाण निम्म्यावर आले का, अतिदक्षता विभागात एएनएम लावणे बंद झाले का, वेतनातील तफावत किती कमी झाली, आणि करारातील महाविद्यालयाच्या शिक्षिका तुमच्या कक्षांविषयी काय लिहून देतात. या ठरावाचा मसुदा तुमच्या अधिसेविकांना करायला सांगा, तो बैठकीत त्यांनाच वाचू द्या, आणि परिचर्येचा विषय निघेल त्या प्रत्येक बैठकीला त्यांना मतासह बसण्याचा अधिकार याच ठरावाने द्या.